चिबड रानातली हजेरी

आमचं दुकान दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं. औरंगपुऱ्यात, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं अशा गल्लीत. ज्यांनी सुतळीचा गुंडा कधी उघडलाय त्यांना ठाऊक असेल, टोक बाहेरून शोधायचं नसतं. आतलं टोक सापडलं की गुंडा जागेवर बसून राहतो आणि सुतळी आपोआप येत राहते. आमच्या झाडमोजणीचे किस्से तसेच आहेत. कुणीतरी गिऱ्हाईक सहज विचारतं, “शेठ, ते झाडं मोजायचं काय प्रकरण होतं हो?” मी म्हणतो, “बसा, चहा सांगतो.” मग चहा दोनदा होतो, गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं ते विसरतं, आणि आमची सूनबाई गल्ल्यावरून माझ्याकडं अशी बघते की तिसरा चहा सांगायची हिंमत होत नाही.

मी शिकलो नववीपर्यंत. हे प्रकरण होईतो झाडांच्या मला दोनच जाती माहीत होत्या. ज्याखाली गाडी लावता येते ती, आणि ज्याखाली लावली की पक्षी गाडीची वाट लावतात ती.

* * *

सुरुवात माझ्याच दुकानात झाली, म्हणून सगळा आळ माझ्यावर येतो.

सर्जेराव हे आमचं जुनं गिऱ्हाईक. वेरूळच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव. दरवर्षी पावसाळ्याआधी येणार, ताडपत्री घेणार आणि आपल्या खालच्या रानाच्या नावानं बोटं मोडणार. ते रान चिबड. म्हणजे पाऊस पडला की पाणी जिरत नाही आणि वाहतही नाही, पाहुण्यासारखं बसून राहतं. कपाशी लावली की सडते, सोयाबीन लावलं की पिवळं पडतं. सर्जेरावांच्या आजोबांनी पाणी काढायला चर खोदला, वडिलांनी तो रुंद केला, ह्यांनी खोल केला. पाणी हटलं नाही.

त्या दिवशी शेजारी साळवे मॅडम सुतळी घ्यायला उभ्या होत्या. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, राहायला पुंडलिकनगरला. सुतळी घेतानासुद्धा पीळ उलटा की सुलटा ते बघून घेणाऱ्या.

त्यांनी मध्येच विचारलं, “पाणी कधीपर्यंत राहतं, भाऊ?”

“दिवाळी होऊन जाती, तरी हाय.”

“बेडूक असतात?”

“झोपू देत नायत.”

“आणि पक्षी?”

“पांढरे, काळे, लांब मानंचे. समदे आमच्याच डोक्यावर.”

“अरे वा!” मॅडम म्हणाल्या.

सर्जेराव माझ्याकडं वळले. “शेठ, माझी कपाशी सडली अन् बाई अरे वा म्हनतेत. ह्या कोन?”

मी ओळख करून दिली. मॅडमनी मग माझ्याच स्टुलावर बसून त्यांना सांगितलं, की ते मुळात तळंच आहे, आणि तुम्ही तीन पिढ्या एका चांगल्या तळ्याकडून जबरदस्तीनं शेती करून घेताय. चर बुजवा, पाणी राहू द्या, काठानं पाण्यात पाय ठेवून जगणारी झाडं लावू. रोपं पुण्याची एक संस्था देईल.

सर्जेराव विचारात पडले. अडचण अशी, की त्यांचा मुलगा नंदू ह्याच रानावर डोळा ठेवून होता. नंदू एका कंपनीत सुपरवायझर आणि रविवारी प्लॉटिंगच्या धंद्यात. त्याचं म्हणणं, मुरूम टाकून भरून घेऊ, सपाट करू, प्लॉट पाडू. सर्जेरावांना मुलालाही नाही म्हणवेना आणि मॅडमनाही.

शेवटी नंदूलाही बोलावून माझ्या दुकानात, माझ्याच साक्षीनं तोड निघाली. तीन वर्षं मॅडमची. दर वर्षी दिवाळीनंतर झाडं मोजायची. तिसऱ्या मोजणीला तीनातली दोन झाडं जिवंत निघाली तर रान पाण्याला सोडायचं, कायमचं. एक जरी कमी पडलं तरी मुरूम.

नंदूनं हसत हसत मॅडमशी हात मिळवला. “लावा मॅडम, बिनधास्त लावा. तिथं आमचं गवत नीट येत नाय.”

* * *

रोपं नेली इक्बालभाईंच्या रिक्षातून. इक्बालभाईंचा रिक्षा-स्टँड आमच्या दुकानासमोर, त्यामुळं त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. मागं मॅडम मांडीवर करंजाची रोपं घेऊन, पायाशी अर्जुनाची, आणि एक उंच जांभूळ मी दोरानं असं बांधलं की त्याचा शेंडा ऐटीत बाहेर.

औरंगपुऱ्यात ट्रॅफिक अडकलं. तिथं ते अडकतंच. बाजूला एक बकरी उभी होती. तिनं आधी रिक्षाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि शांतपणे जांभळाचा शेंडा खायला सुरुवात केली. मी मागच्या स्कूटरवर, हॉर्न वाजवतोय. बकरी हॉर्नला सरावलेली. ट्रॅफिक सुटलं तेव्हा तिचं जेवण झालं होतं.

रानात उतरवलं तर जांभळाची नुसती काठी उरलेली.

“मॅडम, ये तो खंबा आगया,” इक्बालभाई म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून वही काढली आणि लिहायला लागल्या. मी डोकावलो. ‘जांभूळ. लागवडीपूर्वी मृत्यू. ठिकाण औरंगपुरा.’

“मॅडम, हे कशाला मांडता? अजून लावलंच नाही. आपल्याच बाजूचं एक कमी होतंय.”

“शेठ, मेलेलं झाड एकदा लपवलं की मग मोजायचं कशाला?”

इक्बालभाईंनी वहीकडं पाहिलं. “मॅडम, बकरी का भी नाम लिखो. मैं पहचानता उसको.”

* * *

पहिल्या मोजणीला मॅडमनी आम्हाला झाडाची नाडी बघायला शिकवलं. पानं गळाली म्हणजे झाड गेलं असं नाही. अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं की जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं की गेलं.

एवढी सोपी विद्या कुणाला आवडणार नाही? सर्जेरावांनी ती सरपंचांना दाखवली. सरपंचांनी खरवडून पाहिलं आणि म्हणाले, “जिवंत!” मग सरपंचांचे पाहुणे आले, त्यांनी खरवडलं. कॉलेजची मुलं बसमधून आली, एकेकानं खरवडलं. लग्नपत्रिका द्यायला आलेले सर्जेरावांचे व्याही जाताजाता चार झाडं खरवडून गेले. नंदू दर रविवारी येऊन खरवडायचा, पण तो आशेनं.

दारातच करंजाची रांग होती. हाताशी, रस्त्याकडेला, सगळ्यांच्या सोयीची. पावसाळ्यापर्यंत तिच्या खोडांवर साल कमी आणि नखाच्या रेघा जास्त दिसायला लागल्या. मॅडमनी पाटी लावली, ‘झाडे खरवडू नयेत.’ तोवर फक्त पाहुणे खरवडत होते. पाटी लागल्यावर रस्त्यानं जाणारे थांबून खरवडायला लागले, नक्की काय होतं ते बघायला.

सगळी रांग वाळली. आत पाण्याकडेला, जिथं कुणी जात नव्हतं, तिथली करंजं मजेत होती.

मॅडम बराच वेळ त्या वाळक्या रांगेपुढं उभ्या राहिल्या. इक्बालभाई रिक्षातून उतरून शेजारी आले आणि गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, ये झाडां बीमारी से नै मरे. तबियत पूछनेवालों से मरे.”

* * *

रोपांना आधाराला काठ्या हव्या होत्या. सर्जेरावांनी बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून दिल्या, मी सुतळी दिली. प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवून आठाच्या आकाराची गाठ मारून दिली. गाठी मी स्वतः मारल्या. गाठीच्या बाबतीत मी कुणाला बोलू देत नाही.

पाऊस झाल्यावर मी आणि सर्जेराव वरच्या रांगेत नजर टाकायला गेलो. काय सांगू, अशी हिरवीगार रांग! मी खडूनं दगडावर एकेक रेघ मारत चाललो. जिवंत, जिवंत, हेही जिवंत. मागून मॅडम आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “शेठ, तुम्ही काठ्या मोजताय.”

गिरिपुष्पाची ओली फांदी जमिनीत खुपसली की ती काठी राहत नाही, झाड होते, हे मला दुकानात बसून कुठून कळणार? काठ्या डोक्याइतक्या वाढलेल्या. त्यांच्या सावलीत आमची रोपं कुठं होती, कुठं नव्हती. गाठी मात्र सगळ्या शाबूत.

रविवार होता, नंदूही मागून आलाच, आणि तिथंच वाद पेटला. नंदू म्हणाला, “काठ्या धरायच्या नायत.” सर्जेराव म्हणाले, “का नायत? जगल्यात ना? माझ्या बांधावरच्या हायत म्हनून का?” मॅडम म्हणाल्या, जे लावलं ते मोजायचं. सर्जेराव म्हणाले, लावलं तर हे बी मीच. मला मध्ये घेतलं तर मी म्हणालो, गाठ दोघांना एकच आहे, मला कसं सांगता येईल?

सर्जेरावांच्या घरच्या गयाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “म्हंजे ज्याला आधार दिला ते गेलं, अन् आधार फोफावला. व्हय ना? आमच्या घरात बी तसंच झालंय.”

सगळे भाकरी खायला बसले. थोड्या वेळानं सर्जेराव माझ्या कानाशी वाकले. “शेठ, ह्यात काठी कोन म्हनली ती?”

मी म्हणालो, “तुम्ही पिठलं घ्या.”

* * *

बकऱ्यांचा त्रास औरंगपुऱ्यातच संपला असता तर बरं होतं. गावातल्या बकऱ्या पाण्यावर यायच्या आणि जाताना अर्जुनाची कोवळी पालवी खाऊन जायच्या. कुंपण घातलं, ते बकऱ्यांनी वाकवलं. सर्जेराव ओरडायचे, गुराखी “व्हय व्हय” म्हणायचा, बकऱ्या खात राहायच्या.

एकदा मी कुणाला न सांगता दुकानातली लाल कापडाची एक पट्टी नेली आणि एका अर्जुनाला बांधली. बस, तेवढंच. पुढं मी काही बोललो नाही, कुणी काही विचारलं नाही.

महिन्यानं गेलो तर त्या झाडाभोवती दगड मांडलेले, खाली नारळ, उदबत्तीच्या काड्या. बकऱ्या लांबून वळण घेऊन जायच्या. म्हणजे गुराखीच त्यांना वळवायचा.

मॅडमनी नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या घरी आंबेडकरांचा फोटो आणि पुस्तकांचं कपाट, दुसरं दैवत नाही. आवाज एकदम वर्गातला झाला.

“शेठ, मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, कशावरही विश्वास ठेवू नका, प्रयोग करून बघा.”

“मॅडम, प्रयोगच केला. कापड बांधलेलं अर्जुन ठणठणीत आहे. शेजारची दोन बिनकापडाची, ती बघा खाल्ली.”

मॅडमनी तिन्ही झाडं नीट पाहिली. तिन्हींवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “नमुना लहान आहे.”

कापडाची गाठ त्यांनी सोडली. पण आधी बकऱ्या कुठं आहेत ते मागं वळून बघितलं.

* * *

रोपं देणाऱ्या संस्थेचा एक तरुण पुण्याहून ड्रोन घेऊन आला. पोरगा नम्र, बूट पांढरे. म्हणाला, आता असं चिखलात फिरून मोजायची गरजच नाही, मशीन वरून फोटो काढतं आणि सॉफ्टवेअर झाडं मोजतं.

ड्रोन उडालं. सगळं गाव बांधावर. बगळे उडून गेले, गयाबाईंची म्हैस पाण्यातून मान वर काढून बघत राहिली. थोड्या वेळानं पोरानं लॅपटॉप उघडला, चेहरा फुलला.

“मॅडम, एक्सलंट! सर्व्हायव्हल शंभर टक्क्यांच्या वर आहे.”

“वर म्हणजे?”

“म्हणजे लावली त्यापेक्षा जास्त जगलीत.”

मॅडमनी स्क्रीन आपल्याकडं फिरवून घेतली. सॉफ्टवेअरनं पाण्याकडेची सगळी बेशरमीची झुडपं धरली होती. ज्या झुडपाला गुरं तोंड लावत नाहीत, जे उपटून फेकलं तर पडेल तिथं उगवतं, ते सगळं आमच्या खात्यावर. एका ठिकाणी गयाबाईंची हिरवी साडी वाळत घातलेली, तिच्यावरही झाड म्हणून गोल.

मी मॅडमना हळूच म्हणालो, “राहू द्या की. मशीनच सांगतंय. नंदूला काय कळतंय?”

“मला कळतंय ना.” त्यांनी लॅपटॉप मिटला.

सर्जेराव मात्र ड्रोनपासून हलेनात. त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि पोराला फार कळकळीनं म्हणाले, “साहेब, एक इनंती हाय. हे यंत्र तेवढं तलाठ्याला दाखवू नका. पंचनाम्याला आणलं ना, तर माझी सडलेली कपाशी बी उभी दाखवील.”

* * *

दुसऱ्या मोजणीला चमत्कार झाला.

आदल्या वर्षी आम्ही जी झाडं मेली म्हणून लिहिली होती, त्यातली बरीच उभी होती. ताजी, टवटवीत, लागवडीला प्रत्येक झाडाला अडकवलेले नंबराचे ॲल्युमिनियमचे बिल्ले जागच्या जागी. नंदूचा चेहरा उतरत चालला. मला आतून गुदगुल्या होत होत्या, मी सुतळीशी खेळत गप्प चाललो होतो.

एका झाडापाशी मॅडम थांबल्या. बिल्ला वाचला, वही पाहिली, पान तोडून वास घेतला.

“गेल्या वर्षी इथं जांभूळ मेलं होतं.”

“जी,” सर्जेराव म्हणाले.

“आज इथं करंज जिवंत आहे.”

पाण्यात एक पाणकोंबडी ओरडली.

“सर्जेराव, मी पुनर्जन्म मानत नाही,” मॅडम म्हणाल्या.

पहिला संशय माझ्यावर. व्यापारी जवळ उभा असला की मालातली बदली त्यानंच केली असणार, असा लोकांचा समज असतो. नंदू तर माझं बखोट धरायच्या बेतात होता. “शेठ, हे बरोबर नाय. साक्षीदार तुम्ही, अन् तुम्हीच?”

तेव्हा सर्जेराव पुढं आले. टोपी काढली, परत घातली. “शेठ नाय. मी लावली.”

“बाबा, तुम्ही?”

“रांगंत नांगा पडला होता.”

हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पेरणी झाली आणि मध्ये एखादं रोप उगवलं नाही की जी रिकामी जागा राहते, तिला नांगा म्हणतात. शेतकरी तिथं पुन्हा बी टोचतो. नांगे भरणं हे काम कुणी सांगावं लागत नाही.

“आवं, सकाळी इकडून जातो तर रांगंत भोक दिसतं. दात पडल्यावानी. दोन दिस बघितलं, तिसऱ्या दिशी हात गप बसंना. व्हती घरी करंजाची रोपं, टोचली.”

“पण तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं?” नंदूचा आवाज चढला. “झाडं मेली तर फायदा आपला. प्लॉट आपले. तुम्हीच ती जगवताय?”

सर्जेरावांना प्रश्नच कळला नाही. “बाजू कसली? रान माझंय. नांगा दिसतो ना लोकाला.”

मॅडमनी ती सगळी झाडं वजा केली. एकेक, बिल्ला काढून. सर्जेराव मागं मागं फिरत होते आणि दर झाडाला म्हणत होते, “हे तर लई चांगलं लागलंय, मॅडम, हे तरी धरा.” मॅडमनी एकही धरलं नाही. वजाबाकी अशी झाली होती, की पुढच्या दिवाळीला रान राहतं की जातं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

* * *

तिसऱ्या मोजणीसाठी नंदूनं नवा नियम केला. मेलेलं झाड नुसतं लिहायचं नाही, तिथंच उपटून टाकायचं. म्हणजे पुन्हा कुणाचा हात गप बसेना म्हणून ते उठून उभं राहायला नको. मॅडम लगेच हो म्हणाल्या.

सकाळीच सुरुवात केली. मॅडम साल बघायच्या, आता नखाच्या टोकानं, अगदी जपून. मी मोठ्यानं हाक द्यायचो. मेलेलं असलं की नंदू एका हातानं उपटायचा आणि बांधावर फेकायचा. ओल्या मातीत मेलेली झाडं मुळ्याच्या भाजीसारखी निघून येत होती. नंदू रात्रपाळी करून कंपनीतून थेट आलेला, कडक इस्त्रीची पँट, पॉलिशचे बूट. प्रत्येक झाड उपटल्यावर रुमालाला हात पुसायचा.

दुपार कलली तेव्हा मोजणी शेवटच्या कोपऱ्यात आली, पाण्याच्या अगदी काठाशी. मॅडमनी वहीत बेरीज केली, पुन्हा केली, मग वही माझ्या हातात दिली. माझी बेरीज चुकत नाही. मी केली. एक झाड कमी होतं. आणि मोजायचं एकच राहिलं होतं.

एक उंबर. ह्याच दिवसांत शेजारच्या उंबरांवर पानं होती, ह्याच्यावर एक नाही. कंबरेइतकं खोड, वाळकं, राखाडी.

हे जिवंत निघालं तर रान पाण्याचं. गेलं असेल तर मुरूम.

मॅडम खाली बसल्या. वर खरवडलं, तपकिरी. मधे खरवडलं, तपकिरी. खाली, जिथं खोड चिखलात जातं तिथपर्यंत बोट नेलं, आणि तसंच ठेवलं थोडा वेळ. मी मनात म्हणत होतो, बाई, एकदा, आयुष्यात एकदाच.

“गेलंय,” मॅडम म्हणाल्या. उठताना त्यांनी माझा हात धरला. एरवी त्या कुणाचा धरत नाहीत.

सर्जेराव पाण्याकडं तोंड करून उभे होते. गयाबाई म्हशीला हाका मारत होत्या, म्हैस मुळीच लांब नसताना.

नंदूनं फोन काढला, मुरूमवाल्याला लावला. “हां, ऐक. झालं इथलं काम. उद्या सकाळी गाड्या पाठव... हां... थांब एक मिनिट.” आणि फोन कानाला तसाच ठेवून, एका हातानं उंबर धरून ओढलं.

आलं नाही.

त्यानं जरा जोर लावला. नाही आलं. फोन चालूच खिशात टाकला, दोन्ही हातांनी धरलं, पाय फाकवले, ओढलं. उंबर जरासं एका अंगाला कललं, बुडाशी माती फाटली, पण मूळ काही सोडेना. पॉलिशचे बूट चिखलात घोट्यापर्यंत गेले.

“नंदूभाई,” इक्बालभाई बांधावरून म्हणाले, “झाड बाहर नै आरा, तुम अंदर जारे.”

“तुम्ही गप बसा,” नंदू म्हणाला आणि पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. इस्त्री गेली. खिशातून बारीक आवाज येत होता, “हॅलो? साहेब, किती गाड्या?”

“मी मदत करू का रे?” सर्जेरावांनी तोंड न वळवता विचारलं.

“नको.”

आणखी एकदा त्यानं ओढलं, आणि मग सोडून दिलं. धापा टाकत उभा राहिला, त्या झाडाकडं बघत. मॅडम म्हणाल्या, “नंदू, राहू दे. साल कोरडी आहे, मी लिहिलंय मेलं म्हणून. मला खोटं लिहायचं नाही.”

नंदूनं खोड हातानं धरून सरळ केलं. मग बुडाशी फाटलेल्या मातीवर टाच ठेवली आणि दाबली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, मग गोल फिरून चारी बाजूंनी, एकसारखी, घट्ट. रोप लावल्यावर दाबतात तशी. त्याचं त्याला कळत होतं की नाही कोण जाणे.

आम्ही सगळे बघत होतो. सर्जेराव आता पुरते वळले होते.

“आरं, ते मेलंय ना?” ते म्हणाले. “मग दाबतो कशापायी?”

“कलतंय ते,” नंदू म्हणाला. टाच चालूच.

खिशातला माणूस अजून थकला नव्हता. “हॅलो? हॅलो साहेब? उद्या किती गाड्या टाकू?”

नंदूनं मान वर केली नाही. “कुणीतरी बोला त्याच्याशी,” तो म्हणाला, “माझे हात मातीचे झालेत.”